मागे उघडा राहिलेला मेल

नौशाद आमच्या संस्थेत मुलाखतीला आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजलेली होती आणि उजवी करंगळी पुरती सरळ होत नव्हती. तिच्याआधी आलेल्या मुली की-बोर्डवर भराभर बोटं चालवून गेल्या. हिने पर्समधून मागे खोडरबर असलेली पेन्सिल काढली, मुठीत धरली आणि रबराच्या टोकाने एकेक की दाबत पत्र टाइप केलं. वेळ लागला. पत्राखाली रुग्णांची नावं होती, ती तिने आडनावांप्रमाणे लावूनही दिली होती, आणि ते तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

मुलाखत घेणारे आमच्या संस्थेचे डॉक्टर म्हणाले, "हे कधी केलंस?"

"मी नाही केलं, सर. मशीनला लावायला सांगितलं. मला बोटं वाचवावी लागतात."

डॉक्टरांनी तिला तिथेच कामावर घेतलं. २००१ सालची गोष्ट. मी त्याच ऑफिसात फोन आणि गावांशी संपर्क असं काम बघायचे, त्यामुळे पुढची सगळी वर्षं आमची टेबलं समोरासमोर होती.

तिचे वडील हारुनभाई देवळाली कॅम्पात टेलर होते. लष्करातल्या जवानांचे गणवेश शिवायचे. नौशाद शाळेतून आली की दुकानात बसून बटणं लावायची, खांद्यावरच्या पट्ट्या टाचायची. तिचा टाका इतका बारीक की काही गिऱ्हाइकं 'मुलीकडूनच लावून द्या' असं सांगायची. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका सकाळी तिची बोटं मिटेनात. आधी थंडीमुळे असेल म्हणून तेल चोळलं, मग शेकलं. नाशिकच्या डॉक्टरांनी संधिवाताचं निदान केलं, तोवर तिला सुई धरता येईनाशी झाली होती. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी. ती मला एकदा म्हणाली होती, "ललिताताई, दुखण्याचं काही नाही वाटलं. पण अब्बा माझ्यासमोर बटणं लावायचे ना, तेव्हा मी उठून आत जायचे."

हारुनभाईंनीच तिला नाशिक रोडच्या एका कॉम्प्युटर क्लासला घातलं. तिथे तिच्या लक्षात आलं की माउस हा आपला शत्रू आहे. क्लिक करताना बोटाचा नेमका तोच सांधा वाकतो जो दुखतो. मग तिने असे प्रोग्राम शोधायला सुरुवात केली ज्यांत माउसला हात लावावा लागत नाही. एका कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर लिनक्सची सीडी आली होती, त्यात तिला एक टेक्स्ट एडिटर सापडला. साधा मजकूर लिहायचा प्रोग्राम, पण त्याला आपण नव्या कमांड लिहून शिकवू शकतो. चार-पाच वेळा दाबायचं ते सगळं एका कीवर आणता येतं. नौशादला हे कळलं आणि तिने मागे वळून पाहिलं नाही. सुट्टीच्या दिवशीही ती काहीतरी लिहून बघत बसायची. तिच्या आई गुलजारबी म्हणायच्या की बाकीच्या मुली स्वेटर विणतात, ही कॉम्प्युटर विणते.

आमची संस्था पेठ आणि सुरगाण्याच्या पाड्यांवर सिकलसेलच्या रुग्णांसाठी काम करायची. हा आजार आईवडिलांकडून येतो. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, कुठेतरी अडकतात आणि हाडं मोडल्यासारखं दुखतं. औषधं नीट घेतली तर माणूस चांगला जगतो, पण ताप आला की सावध राहावं लागतं. गावांतले आमचे कार्यकर्ते आठवड्याचं वर्तमान मेलने पाठवायचे. सुरगाण्याला मोतीराम गावित होता. नेट असलेलं एक दुकान होतं तिथे, ते चालू असेल तेव्हा जाऊन तो इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा. एका मेलमध्ये पाच-सहा जणांची खबर असायची.

नौशादने प्रत्येक रुग्णाची वेगळी फाइल केली होती. मेल आला की ज्या ज्या रुग्णाचा उल्लेख असेल त्याच्या फाइलमध्ये त्या मेलची लिंक घालायची. लिंकवर जाऊन एक की दाबली की पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात तो मेल उघडायचा. डॉक्टर मेल वाचून काय करायचं ते सांगायचे. मग दुसरी की दाबली की एक ओळ लिहायची जागा यायची, आणि ती ओळ तारखेसकट आपोआप त्या रुग्णाच्या फाइलमध्ये जाऊन बसायची. संध्याकाळी मी सगळ्या फाइलींमधल्या नव्या ओळी बघून गावोगाव फोन करायचे. पूर्वी ज्याला अर्धा दिवस लागायचा ते काम डॉक्टरांच्या चहाच्या आत उरकू लागलं. नौशादची पेन्सिलही दिवसभर फारशी हलेना.

२००६ च्या दिवाळीनंतर सोमवारी मोतीरामचा असाच मेल आला. कुसाबाई बरी आहे, गोळ्या संपत आल्या आहेत. चंदरला बारीक ताप आहे, अंग दुखतं म्हणतो. चंदर विशीतला पोरगा, भिकाचा मुलगा. त्याला पूर्वी एकदा छातीत दुखून हॉस्पिटलात ठेवावं लागलं होतं. डॉक्टरांनी नौशादला सांगितलं, गोळ्या चालू ठेवा, बुधवारी इकडे आणा, बेड सांगून ठेवतो. नौशादने ओळ लिहिली. संध्याकाळी मी फाइली बघितल्या. 'बुधवारी नाशिकला आणणे, बेड सांगितला आहे' ही ओळ कुसाबाईच्या फाइलमध्ये होती. मी मोतीरामला फोन लावला आणि तसंच सांगितलं.

"कुसाबाईला?" तो म्हणाला. "आन् चंदरचं काय?"

मी चंदरची फाइल पुन्हा पाहिली. त्यात काही नव्हतं. "डॉक्टरांनी अजून काही लिहिलेलं नाही. उद्या विचारून सांगते," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर मुंबईला गेले होते, नौशादला विचारायचं मला सुचलं नाही आणि मोतीरामचा फोन लागत नव्हता.

बुधवारी सकाळी ऑफिस उघडायला गेले तर पायरीवर कुसाबाई बसलेली. मांडीवर पिशवी. पहाटेची एसटी धरून आली होती. चेहरा असा उतरलेला की मला वाटलं खरंच आजारी आहे.

"तुमी बोलावलं म्हणून आले," ती म्हणाली. "मोतीराम सांगाया आलता. भाताची झोडनी टाकून आले बघा. काय निंघालं ताई माज्या रक्तात?"

नौशाद माझ्यामागून आत येत होती. तिने कुसाबाईला पाहिलं आणि जिथल्या तिथे उभी राहिली.

"ह्यांना कोणी बोलावलं?"

"तूच ना. फाइलमध्ये ओळ आहे."

"मी चंदरला लिहिलं होतं," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "कुसाबाई इथे आहे. म्हणजे चंदर घरी आहे."

ती खुर्चीत बसली नाही. उभ्या उभ्याच तिने मशीन चालू केलं, चंदरची फाइल उघडली. रिकामी. कुसाबाईची उघडली. ओळ तिथे. मी तोवर मोतीरामला फोन लावत होते. लागेना. चंदरच्या पाड्याजवळ एका किराणा दुकानात फोन होता, तो लावला. बराच वेळ वाजला. शेवटी एका म्हाताऱ्याने उचलला.

"भिका गावित घरी आहेत का बघता का? त्यांचा मुलगा चंदर, त्याला ताप होता."

"त्ये नाय इथं," म्हातारा म्हणाला. "काल सांजचेच जीप करून वणीला गेले. पोराला श्वास लागला हुता. मोतीराम बी गेलाय संगं."

वणीच्या सरकारी दवाखान्याचा नंबर माझ्याकडे होता. फोन नर्सने घेतला. मी नाव सांगितलं. "थांबा हं," म्हणून ती गेली. नौशाद माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली होती. नर्स परत आली.

"चंदर भिका गावित ना? आहे आमच्याकडे. रात्री ऑक्सिजन लावला होता, सकाळी काढला. ताप उतरलाय. आत्ता भात खातोय."

मी फोन ठेवायच्या आधीच मोठ्याने म्हणाले, "भात खातोय!" नौशादने माझ्या टेबलावर डोकं टेकलं आणि रडायला लागली. मग रडता रडता हसायला लागली. कुसाबाई आमच्याकडे आळीपाळीने बघत होती.

"कुसाबाई, चूक झाली," नौशाद डोळे पुसत म्हणाली. "तुमच्यासाठी निरोप नव्हताच. तुम्हाला काही झालेलं नाही."

"म्हंजे माज्या रक्तात काय बी नाय?"

"नवीन काही नाही. तुम्ही चांगल्या आहात."

कुसाबाईने पिशवी मांडीवरून खाली ठेवली. "मंग बरं," ती म्हणाली. "वाटभर देवाचं नाव घेत आले मी. म्हटलं आता आपलं काय खरं नाय." आणि तिने पाणी मागितलं, दोन तांबे प्यायली. मी तिला शेजारच्या खानावळीत जेवायला नेलं. नौशादने गोळ्यांची पुढची पाकिटं बांधून दिली आणि दुपारच्या गाडीने कुसाबाई परत गेली. झोडणी राहिली म्हणून थोडी कुरकुरली, पण ती गाडीत चढताना.

दुसऱ्या दिवशी नौशाद आणि मी वणीला गेलो. मी तिला म्हटलं होतं, फोनवर कळलंय ना, पुरे. तिने ऐकलं नाही. चंदर खाटेवर बसून मोतीरामशी काहीतरी बोलत होता. गाल बसले होते, पण रंग बरा होता. भिका बाहेरच्या कट्ट्यावर बिडी विझवत उठला.

नौशादने त्याला सरळ सांगितलं. तुमच्या मुलाला बुधवारी आणा असा निरोप होता, तो माझ्या कामातल्या चुकीने दुसरीकडे गेला.

भिकाने तिच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, "निरोप आला असता तरी बुधवारची कोन वाट बघत हुता, बाई? पोराला दम लागला, जीप धरली आन् आलो. तुमी मागच्या बारीला सांगितलंच हुतं ना, छातीत दुखलं का थांबायचं नाय म्हणून. डोक्यात हाय त्ये." आणि मग, "तुमी एवढ्या लांब आल्या. च्या घ्या."

चहा घेताना मोतीराम मला म्हणाला, "मला वाटलंच काहीतरी घोळ हाय. कुसाबाई तर गवताचे भारे वाहत हुती." आम्ही सगळेच हसलो, चंदरसुद्धा, आणि हसताना त्याने छातीवर हात ठेवला तसं नौशादचं हसू थांबलं. "दुखतंय?" "थोडं," तो म्हणाला. "कालच्यापेक्षा लय कमी."

येताना गाडीत ती खिडकीला डोकं टेकून बसली. दिंडोरी मागे गेल्यावर म्हणाली, "ही एक चूक कळली. अशा किती असतील?"

ओळ आपोआप फाइलमध्ये घालणारी ती कमांड तिने त्याच दिवशी बंद केली. मग आम्ही दोघींनी वर्षभराच्या ओळी तपासायला घेतल्या. प्रत्येक ओळीपाशी लिंक होती, ती उघडून मूळ मेल वाचायचा, ओळ त्याच माणसाची आहे का बघायचं. मेल वाचायचं काम मी घेतलं, म्हणजे तिच्या हातांना आराम. चुकीच्या जागी गेलेल्या थोड्याच ओळी निघाल्या, बोटांवर मोजण्याइतक्या. एकीला गोळ्या दोनदा पोचल्या होत्या, एकाला रक्त तपासायला आठवडा उशीर झाला होता. कोणाचं नुकसान झालेलं नव्हतं. प्रत्येक चूक सापडली की ती आधी 'हाय अल्ला' म्हणायची आणि पुढचं वाचून झालं की मोठा श्वास सोडायची.

पण चूक होते कशी, हे काही कळेना. नौशाद कमांड उघडून वाचायची. तिच्या मते ती बरोबर होती. ती दोन खोट्या रुग्णांच्या फाइली करायची, स्वतःलाच मेल पाठवायची, लिंक दाबायची, ओळ लिहायची. ओळ बरोबर फाइलमध्ये जायची. कमांडमध्ये कुठे जरा बदल करायची, एडिटर बंद करून पुन्हा चालू करायची, पुन्हा तेच बघायची. पुन्हा बरोबर. असे बरेच दिवस गेले. डॉक्टर म्हणाले, "सोड, वहीत लिहू." ती पुन्हा कमांड उघडून बसली.

एक दिवस दुपारी ती एकदम ओरडली. "चुकलं! ललिताताई, चुकलं!"

मी धावत गेले. एखाद्याला चूक झाल्याचा एवढा आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. एका खोट्या रुग्णाची ओळ दुसऱ्याच्या फाइलमध्ये जाऊन बसली होती. "आता पुन्हा करून दाखवते," ती म्हणाली, आणि लाइट गेली.

ते लोडशेडिंगचे दिवस होते. आमचा युपीएस कधीच मेला होता. आम्ही अंधाऱ्या ऑफिसात बसून राहिलो. लाइट आली तसं तिने मशीन चालू केलं, तीच फाइल, तीच लिंक, तीच ओळ. बरोबर जागी गेली.

मी म्हटलं, "जाऊ दे, उद्या बघ."

"नाही, थांबा." ती पडद्याकडे बघत बोलत होती. "मी काहीच बदललं नाही. तुम्ही नाही, मी नाही. फक्त लाइट गेली. लाइट गेल्याने काय गेलं?"

"सगळं बंद झालं."

"सगळं बंद झालं," ती म्हणाली. "उघडं होतं ते सगळं बंद झालं."

तिने मला समजावून सांगितलं ते मला तेव्हा कळलं आणि आजही सांगता येईल. त्या एडिटरमध्ये जे काही उघडाल, फाइल किंवा मेल, ते मेमरीत एका जागी ठेवलं जातं. त्याला बफर म्हणतात. पडद्यावर दुसरं काही आणलं की आधीचं दिसत नाही, पण त्याचा बफर मागे जसाच्या तसा उघडा राहतो. तिची कमांड मेल उघडताना त्या मेलच्या बफरपाशी एक खूण ठेवायची, की आपण अमक्या रुग्णाच्या फाइलमधून इथे आलो. ओळ लिहिली की त्या खुणेप्रमाणे ती परत पाठवायची. आता मोतीरामचा मेल एकच, पण त्यात कुसाबाई आणि चंदर दोघं. नौशादने आधी कुसाबाईच्या फाइलमधून तो उघडला, खूण पडली कुसाबाईची. मग चंदरच्या फाइलमधून तीच लिंक दाबली. मेल मागे उघडाच होता, म्हणून एडिटरने तो नव्याने उघडला नाही, आहे तोच पुढे आणला. खूणही जुनीच राहिली. पडद्यावर वर चंदरची फाइल, खाली मेल, सगळं बरोबर दिसतंय. आणि ओळ चालली कुसाबाईकडे.

"मी प्रत्येक वेळी एडिटर बंद करून तपासत होते," नौशाद म्हणाली. "म्हणजे प्रत्येक वेळी मीच पाटी पुसत होते. सापडणार कसं? आज सकाळपासून बंद केलाच नव्हता."

मग तिने मुद्दाम घडवून आणलं. मेल पहिल्या फाइलमधून उघडला, तसाच ठेवला, दुसऱ्या फाइलमधून पुन्हा उघडला, ओळ लिहिली. चुकली. पुन्हा. चुकली. उघड्या बफरांची यादी पडद्यावर आणली, मेल त्यात तळाशी होताच, त्याची खूण विचारली, आणि खूण पहिल्याचंच नाव सांगत होती. ती हसायला लागली. "बघा ना, किती शहाण्यासारखं चुकतंय."

दुरुस्ती अगदीच लहान होती. खूण ठेवायची ओळ 'मेल उघडा नसेल तर उघड' ह्या अटीच्या आत होती, ती तिने अटीबाहेर काढली. मेल नवा असो की आधीचा, दर वेळी खूण नव्याने पडणार. आणि आणखी एक गोष्ट केली. ओळ लिहून झाली की एडिटर आता रुग्णाचं नाव दाखवून विचारायचा, ह्याच्याकडेच लिहू ना? त्यासाठी एक की जास्त दाबावी लागायची. मी म्हटलं, तुझ्या बोटांना आणखी एक काम. ती म्हणाली, "हे एक दुखलं तरी चालेल."

आम्ही संध्याकाळपर्यंत बसून जुने मेल उलटसुलट उघडून बघितले. एकाच मेलमधली पाच माणसं, पुढून मागून, मधून. मी नाव सांगायचे, ती ओळ लिहायची, मी फाइल उघडून वाचायचे. एकही चुकली नाही. पुढे चार वर्षं, तयार सॉफ्टवेअर येईपर्यंत, आम्ही तीच कमांड वापरली. चंदर तीन-चार दिवसांनी वणीहून घरी गेला होता आणि कमांड दुरुस्त झाली त्या दिवशी त्याचीही खबर मोतीरामच्या मेलमध्ये होती, भात खळ्यावरून घरी आणायला लागलाय म्हणून. एवढ्यात ओझी उचलतो म्हणून डॉक्टरांनी त्याला ओरडायला सांगितलं. नौशादने ती ओळ लिहिली, पडद्यावर चंदरचं नाव आलं, तिने पेन्सिलीने 'हो' दाबलं आणि मशीन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून गेले तरी ती आली नाही. एरवी माझ्या आधी यायची. मी फोन उचलणार तेवढ्यात तोच वाजला. नौशादच्या आई, गुलजारबी होत्या.

"ललिता बेटी, नौशाद अभी तक सो रही है. कितने दिन हुए, ठीक से सोयी नहीं थी. उठाऊं क्या?"

"नको, नको," मी म्हटलं. "झोपू दे. इथलं सगळं ठीक आहे."